वाळूच्या टेकड्यांवरील कुरणे : चेरी कौंटीत जमीन घेणारास काय पाहावे लागते

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेब्रास्का नावाचे राज्य आहे. त्याच्या उत्तर सीमेस लागून चेरी नावाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा. विस्ताराने ही कौंटी आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, म्हणजे सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर भरते. परंतु पुणे जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीत ९४ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली, तर चेरी कौंटीत २०२० साली अवघी ५,४५५. त्यांतीलही सुमारे निम्मी माणसे व्हॅलेंटाइन या मुख्य गावी राहतात. राहिलेली कोडी, मेरिमन, किलगोर, वुड लेक अशा चिमुकल्या गावांतून आणि टेकड्यांमधील एकाकी घरांतून विखुरलेली आहेत. दर चौरस मैलास सरासरीने एक माणूसही पडत नाही. गुरे मात्र माणसांच्या कित्येक पटींनी अधिक आहेत, आणि या कौंटीचा सारा संसार त्या गुरांवर चालतो.

गुरे पोसण्यासाठी राखलेले विस्तीर्ण कुरण, त्यावरील घर, गोठे, कुंपणे, पवनचक्क्या आणि गवत कापण्याच्या कुरणपट्ट्या या सर्वांस मिळून तेथे रँच म्हणतात. पिकाऊ शेत विकत घेणे आणि रँच विकत घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेत घेणारा माती पाहतो. रँच घेणाऱ्यास गवत, पाणी, हिवाळा, कागद आणि शेजारी अशी पाच परीक्षणे करावी लागतात, आणि त्यांतील एकात जरी चूक झाली तरी ती दहा-दहा वर्षे भोवते. चेरी कौंटीचा इतिहास अशा चुकांनी भरलेला आहे.

वाळू, गवत आणि पाणी

या कौंटीचा बहुतेक भाग ‘सँडहिल्स’ म्हणजे वाळूच्या टेकड्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात मोडतो. सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूचा बनला आहे. काही टेकड्या १२० मीटरांपर्यंत उंच आहेत. राजस्थानातील वाळूच्या टेकड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस हे वर्णन ऐकून ओसाड वाळवंट डोळ्यांपुढे येईल. परंतु प्रत्यक्षात या टेकड्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत गवताने झाकलेल्या आहेत. गवताच्या मुळ्यांनी वाळू जागच्या जागी बांधून ठेविली आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी दीर्घ अवर्षणे पडली तेव्हा हे गवत मेले आणि टेकड्या पुन्हा चालू लागल्या, असे वाळूच्या थरांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. म्हणजे येथील जमीन ही गवताच्या आश्रयाने स्थिर राहिलेली जमीन आहे. गवत गेले की जमीनही जाते.

पाऊस फार नाही. पूर्वेकडे वर्षाला ५८० मिलिमीटरांच्या आसपास आणि पश्चिमेकडे ४३० मिलिमीटर, असे त्याचे स्थूल मान आहे. आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांसारखेच हे मान म्हणावयाचे. परंतु वाळू एक मोठे काम करते : पडलेले पाणी वाहून न जाऊ देता ती ते तत्काळ पोटात घेते. या टेकड्यांखाली ओगलाला नावाचा भूजलाचा प्रचंड साठा आहे आणि त्याचा सर्वांत जाड थर याच प्रदेशाखाली सापडतो. टेकड्यांमधील सखल जागी हे पाणी भुईच्या अगदी जवळ येते. कोठे त्याची तळी होतात, कोठे ओलसर कुरणपट्टे होतात. उंचावर चराई आणि सखल पट्ट्यांत हिवाळ्यासाठी कापावयाचे गवत, अशी निसर्गानेच विभागणी करून दिलेली आहे. रँच विकत घेताना दोन्ही प्रकारची जमीन योग्य प्रमाणात आहे की नाही हे प्रथम पाहतात. नुसत्या टेकड्या घेणाऱ्यास हिवाळ्यात चारा विकत आणावा लागतो आणि नुसता सखल पट्टा घेणाऱ्यास उन्हाळ्यात गुरे कोठे न्यावीत असा प्रश्न पडतो.

गवतांचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतील ‘ब्लूस्टेम’ गवते आपल्या मारवेल व पवन्या या गवतांच्याच कुळातील असून उन्हाळ्यात जोमाने वाढतात. आपल्या कुसळीसारखे अणकुचीदार बी असलेले एक गवतही तेथे विपुल आहे. जाणता खरेदीदार घोड्यावरून किंवा पायी हिंडून उंच, रसाळ, गुरांच्या आवडीची गवते टिकून आहेत की ती चरून संपली आणि त्यांच्या जागी हलकी गवते व तण आले आहेत हे पाहतो. मोटारीत बसून हे दिसत नाही. दुरून दोन्ही टेकड्या सारख्याच हिरव्या दिसतात.

जेथे गवत फाटते तेथे वारा वाळू उकरू लागतो आणि टेकडीच्या अंगावर खड्डा पडतो. त्यास ‘ब्लोआउट’ म्हणतात. आरंभी तो खळग्याएवढा असतो. दुर्लक्ष केल्यास काही वर्षांत त्यात घर मावेल एवढा वाढतो. पवनचक्कीच्या हौदाभोवती, कुंपणाच्या कोपऱ्यांत, गुरांच्या नित्याच्या पायवाटेवर तो प्रथम दिसतो. मालकाने किती वर्षे गुरे जास्त ठेविली याचा तो उघडा जबाबच असतो. विकणाऱ्याने काहीही सांगितले तरी टेकडी खोटे बोलत नाही. खड्डा भरून काढावयाचा तर कुंपण घालून गुरे दूर ठेवावी लागतात, वर गवताचे आच्छादन पसरावे लागते आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.

एका गाईस किती एकर

येथे मुख्य प्रश्न येतो. रँचची किंमत एकरांत बोलली जाते, परंतु तिचे मोल गाईंत मोजावे लागते. हजार पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलो वजनाची गाय व तिचे वासरू यांस दिवसास सुमारे १२ किलो कोरडा चारा लागतो असे धरतात. कुरणातील गवताची वर्षाची वाढ निम्मी खाऊ द्यावी व निम्मी जागेवर ठेवावी, हा तेथील जुना दंडक आहे. राहिलेले निम्मे गवत वाया जात नाही. ते मुळ्या पोसते, वाळू झाकते आणि पुढील पाऊस धरून ठेवते. या हिशेबाने चेरी कौंटीत एक गाय वासरासह वर्षभर पोसण्यास साधारणपणे १५ ते २० एकर लागतात. कोरड्या व बिघडलेल्या जागी याहूनही अधिक.

हा एक आकडा लक्षात घेतला म्हणजे कौंटीचा सारा इतिहास उलगडतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेत कोणाही वसाहतकऱ्यास १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षांच्या वहिवाटीवर मिळत असे. पूर्वेकडील काळ्या जमिनीत १६० एकर म्हणजे भरभक्कम शेत होते. वाळूच्या टेकड्यांत ते अवघ्या नऊ-दहा गाईंचे कुरण झाले. त्यामुळे प्रथम तेथे कोणी स्थायिक होईना. त्यापूर्वी लकोटा व पॉनी या मूळच्या लोकांची ती शिकारभूमी होती आणि गवे तेथे चरत. गुरांचे मालकही आरंभी या टेकड्यांस भीत. त्यांत शिरलेले गुरू परत येत नाही असा समज होता. १८७९ मध्ये हिमवादळाने भरकटलेली गुरे शोधावयास एका कळपाचे गुराखी आत शिरले, तेव्हा ती गुरे तर सापडलीच, पण त्यांच्यासोबत पूर्वी हरवलेली, कोणाचाही डाग नसलेली गुरेही चांगली पोसलेली आढळली. मग मोठमोठे कळप आले. १८८३ साली कौंटी स्थापन झाली आणि त्याच वर्षी आगगाडी व्हॅलेंटाइनला पोहोचली.

मोठ्या मालकांनी सरकारी जमिनीस बेकायदा काटेरी तारेची कुंपणे घातली. स्पेड रँचचे बार्टलेट रिचर्ड्स हे त्यांतील प्रमुख. कुंपणाबद्दल १९०५ मध्ये त्यांस नाममात्र शिक्षा झाली. त्यावर गवगवा झाल्यानंतर दुसऱ्या खटल्यात तुरुंगवास ठोठावला गेला आणि १९११ मध्ये शिक्षा भोगत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. कायदा मोडला होता यात संशय नाही. परंतु १६० एकरांचा कायदा या जमिनीस लागू पडत नाही ही त्यांची तक्रार मात्र खोटी नव्हती.

सरकारने ती तक्रार अर्धीच ऐकली. प्रतिनिधी मोझेस किंकेड यांच्या नावाने ओळखला जाणारा १९०४ चा कायदा झाला. त्याने नेब्रास्काच्या पश्चिम व उत्तर भागातील ३७ कौंट्यांत प्रत्येक वसाहतकऱ्यास ६४० एकर, म्हणजे पूर्ण एक चौरस मैल देऊ केला. लोक गाड्या भरभरून आले. नदीकाठी डीविटी नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची एक वसाहतही १९०७ च्या सुमारास चेरी कौंटीत उभी राहिली. घरे गवताळ मातीच्या चिपांची, पण शाळा व प्रार्थनामंदिर आपले स्वतःचे. तथापि ६४० एकर म्हणजेही चाळीस गाईंचेसुद्धा कुरण नव्हे. पोट भरेना म्हणून अनेकांनी टेकड्या नांगरल्या, मका पेरला. एक-दोन पिके आली आणि नंतर वाऱ्याने शेत उचलून नेले. बहुतेकांनी पाच वर्षे पुरी करून, कागद हातात पडताच, जमीन शेजारच्या रँचवाल्यास विकली. डीविटीही १९३० नंतरच्या दशकात रिकामी झाली. आजच्या रँचमध्ये पुष्कळदा अशा दहा-वीस वसाहतींचे तुकडे जोडलेले असतात. पवनचक्कीशेजारी एखादा एकटा कॉटनवुडचा वृक्ष किंवा लायलॅकचे झुडूप दिसले तर तेथे कोणाचे तरी अंगण होते असे समजावे.

१९७० नंतरच्या दशकात हीच चूक यंत्राने पुन्हा झाली. मध्यावर फिरणाऱ्या लांब नळ्यांची तुषारसिंचन यंत्रे निघाली होती आणि भूजल तर हाताशी होते. बाहेरच्या भांडवलवाल्यांनी टेकड्या घेतल्या, सपाट केल्या आणि मका लावला. मक्याचा भाव उतरला, विजेचा व खताचा खर्च चढला, आणि यंत्रे सोडून मालक निघून गेले. मागे उघडी वाळू राहिली. तीवर पुन्हा गवत आणण्याचे काम शेजाऱ्यांच्या आणि नंतरच्या मालकांच्या वाट्यास आले.

जमीन पाहावयास केव्हा जावे

विकणारा जून महिन्यात बोलावतो. तेव्हा टेकड्या हिरव्यागार असतात, तळी भरलेली असतात, वासरे उड्या मारीत असतात. जाणते लोक फेब्रुवारीत जावे असे म्हणतात. त्या वेळी उत्तरेचा वारा कोठून लागतो, गुरांस आडोसा कोणता, घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट बर्फात उघडी राहते काय, हौदाचे पाणी गोठते काय, आणि गवताच्या गंजी किती शिल्लक आहेत हे सर्व उघड दिसते. वासरे बहुधा मार्च-एप्रिलात जन्मतात आणि त्याच महिन्यांत वादळे होतात. वासरू ओले असताना बर्फ आला तर एका रात्रीत वर्षाची कमाई जाते. १९४९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या हिमवादळांत रस्ते आठवडेच्या आठवडे बंद पडले. तेव्हा लष्कराने यंत्रे लावून वाटा मोकळ्या केल्या आणि विमानांतून गुरांसाठी गवत टाकले.

हिवाळ्याचा हा खर्च कमी करण्याकडे अलीकडे विशेष लक्ष गेले आहे. व्हिटमन गावाजवळ नेब्रास्का विद्यापीठाचे गुडमंडसन संशोधन-क्षेत्र आहे. सुमारे १२,८०० एकरांची ही रँच १९७८ मध्ये एका रँचवाल्या दांपत्याने देणगी म्हणून दिली. तेथील प्रयोगांत गाईंचे विणे मार्चऐवजी मे-जूनमध्ये आणून पाहिले गेले. गाईस सर्वाधिक पोषण लागते तो काळ आणि गवत सर्वाधिक पौष्टिक असते तो काळ एकत्र आणावा, हा त्यामागील विचार. त्यामुळे कापून ठेवावयाचे गवत बरेच वाचते. वासरे विक्रीच्या वेळी लहान राहतात ही त्यातील अडचण, म्हणून ही पद्धत सर्वांनी उचललेली नाही. आपापल्या कुरणाचा हिशेब ज्याचा त्यानेच घालावयाचा असतो.

पाण्याच्या बाबतीत पवनचक्की किंवा सौरपंप चालतो की नाही एवढे पाहून भागत नाही. हौद कोठे आहे हे अधिक महत्त्वाचे. गुरे पाण्यापासून फार दूर चरावयास जात नाहीत. जवळचे गवत खरवडून खातात आणि दूरचे तसेच उभे राहते. एकाच हौदावर मोठे कुरण अवलंबून असेल तर कागदावर पाच हजार एकर असूनही प्रत्यक्ष चराई तीन हजारांचीच होते.

कागद

आपल्याकडील सात-बाराच्या उताऱ्यासारखा मालकी, वहिवाट व बोजा एकत्र दाखविणारा कागद तेथे नाही. जमिनीचा पहिल्या सरकारी सनदेपासूनचा हस्तांतरणाचा गोषवारा वकिलाकडून तपासून घ्यावा लागतो आणि हक्कात दोष निघाल्यास भरपाई मिळावी म्हणून विमा उतरविला जातो. खरेदीखत कौंटीच्या दप्तरी नोंदविले जाते. जमिनीखालील खनिजांचा हक्क पूर्वीच्या मालकाने आपल्याकडे राखून ठेविलेला असू शकतो. कोणी जमीन न नांगरण्याचा व न बांधण्याचा कायमचा करार करून दिलेला असेल तर तो करार नव्या मालकासही बांधतो. सिंचनासाठी नवे क्षेत्र ओलिताखाली आणावयाचे तर १९७२ पासून काम करणाऱ्या निसर्गसंपत्ती जिल्हामंडळाचे नियम पाहावे लागतात.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो एकरांच्या आकड्यात. अमेरिकेत जमिनीची मोजणी चौरस मैलांच्या चौकटींनी झालेली आहे; एका चौकटीस सेक्शन म्हणतात आणि ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप होते. प्रत्येक टाउनशिपमधील १६ वा व ३६ वा सेक्शन शाळांच्या खर्चासाठी राखून ठेविलेला होता. नेब्रास्काने यांतील पुष्कळ जमीन विकली, तरीही शिक्षण-भूमी मंडळाकडे आज सुमारे साडेबारा लाख एकर आहेत आणि ती खंडाने दिली जाते. रँचच्या ऐन मध्यावर असा शाळेचा सेक्शन असतो. जाहिरातीत ‘७,००० एकर’ लिहिलेले असले तरी त्यांत विकत मिळणारे किती व खंडाचे किती हे वेगळे विचारावे लागते. खंडाची मुदत संपली की त्याचा पुन्हा लिलाव होऊ शकतो, आणि दुसऱ्याने घेतल्यास कुंपण-विहिरींची किंमत मिळेल, परंतु कुरणाचा मध्य हातातून जाईल.

जमिनीवरील कर हा दुसरा बोजा. शेतजमिनीचे मूल्य बाजारभावाच्या ७५ टक्के धरून कर आकारतात. शेजारच्या टेकड्या कोणी चढ्या भावाने घेतल्या की ज्याला विकावयाचेच नाही त्याचाही कर वाढतो. गुरांवरील डाग हीसुद्धा तेथे नोंदलेली मालमत्ता आहे. ती विकता येते, वारसाने देता येते. रँचबरोबर डागही विकला जाणार की विकणारे कुटुंब तो आपल्याकडे ठेवणार हे खरेदीच्या वेळीच लिहून घेतात. जुन्या घराण्यांत जमीन सोडताना डोळ्यांत पाणी येत नाही, पण डाग सोडताना येते, असे म्हणावयाचा प्रसंग अनेकदा येतो.

शेजार

या कौंटीची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ९५ मैल आहे. ती इतकी की पूर्वेकडील भागात एक घड्याळ चालते व पश्चिमेकडील भागात त्याहून एक तास मागे असलेले. लिलाव किंवा सभा कळविताना ‘कोणत्या वेळेने’ हे सांगावे लागते. इस्पितळ, न्यायालय, गुरांचा लिलाव-बाजार हे सर्व व्हॅलेंटाइनला. टेकड्यांतील घरापासून तेथे जाणे म्हणजे दीड-दोन तासांचा प्रवास असू शकतो. २००५ च्या एका राज्य कायद्यानंतर स्वतंत्र ग्रामीण प्राथमिक शाळा-मंडळे विसर्जित झाली आणि पुष्कळ एकशिक्षकी शाळा बंद पडल्या. तेव्हापासून मूल शाळेच्या वयाचे झाले की आईने आठवडाभर गावात बिऱ्हाड करावे आणि बापाने रँच सांभाळावी, अशी पाळी काही कुटुंबांवर येते. खरेदीच्या हिशेबात हा खर्च कोणी धरीत नाही, परंतु रँच सोडून जाण्याचे ते एक मोठे कारण होऊन बसते.

असे असूनही तेथील शेजारधर्म पाहण्यासारखा आहे. मे महिन्यात वासरांस डाग द्यावयाचे असतात, त्या दिवशी आसपासच्या रँचवरील माणसे घोडे घेऊन येतात. मजुरी कोणी घेत नाही. दुपारी पोटभर जेवण आणि पुढील आठवड्यात परतफेडीचे काम, एवढाच व्यवहार. आपल्याकडील इर्जिकच म्हणावयाची. सामाईक कुंपणाच्या मध्यावर उभे राहून शेजाऱ्याकडे तोंड करावे आणि उजव्या हाताची बाजू आपण दुरुस्त करावी, अशी जुनी रूढी आहे. वणवा लागला की स्वयंसेवकांची आगपथके धावतात. २०१२ च्या जुलैत, मोठ्या अवर्षणाच्या वर्षी, नायोब्रारा नदीच्या खोऱ्यात हजारो एकर जळाले. नदीकाठच्या घळींत लाल सिडारची झाडे माजली होती आणि त्यांनी आग भडकविली. म्हणून आता शेजारी मिळून योग्य हंगामी स्वतःच नियंत्रित आग लावून ती झाडे आटोक्यात ठेवू लागले आहेत. कोडी या दीडशे-दोनशे वस्तीच्या गावातील किराणा दुकान बंद पडले होते. तेथील शाळेच्या विद्यार्थ्यांनी पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंती असलेल्या इमारतीत २०१३ मध्ये नवे दुकान उघडले. माल मागविणे, हिशेब ठेवणे ही कामे मुलांनीच अंगावर घेतली.

या शेजारधर्मास एक दुसरी बाजूही आहे. नवा मालक प्रथम वर्षी डाग देण्यास गेला नाही, कुंपणाची आपली बाजू पडू दिली, दुसऱ्याची फाटके उघडी टाकली, तर ते कोणी तोंडावर बोलत नाही. मात्र पुढे वादळात त्याच्या गुरांची चौकशी करावयास येणारे कमी होतात. शिकारीसाठी किंवा नुसत्या ठेवीसाठी जमीन घेऊन दूरच्या शहरात राहणाऱ्या मालकांविषयी जी नाराजी आढळते तिचे मूळ येथे आहे. त्यांच्या पैशाविषयी तक्रार नसते. त्यांच्या घरात दिवा लागत नाही, शाळेत त्यांचे मूल नसते आणि आगीच्या वेळी हात नसतो, ही तक्रार असते.

घेणे परवडते कोणास

आता हिशेबाकडे वळू. आकडे केवळ समजण्यासाठी सोयीचे घेतले आहेत, कारण भाव वर्षावर्षास बदलतात. एका कुटुंबास निर्वाहासाठी ३०० गाई लागतात असे धरू. गाईस १७ एकर, म्हणजे ५,१०० एकर झाले. एकरी १,००० डॉलर धरले तर जमिनीची किंमत ५१ लाख डॉलर. सारी रक्कम सात टक्क्यांनी कर्जाऊ काढली तर नुसते व्याज वर्षास ३ लाख ५७ हजार. ३०० गाईंची २६० वासरे हाती लागली, त्यांतील ४५ कालवडी कळपात ठेविल्या आणि २१५ वासरे प्रत्येकी दीड हजार डॉलरांस विकली, तर ३ लाख २२ हजार ५०० मिळतात. चाळीस म्हाताऱ्या गाई विकून आणखी ४८ हजार येतात असे धरू. एकूण जमा ३ लाख ७० हजार ५००. व्याज वजा जाता राहिले १३,५००. त्यांतून कर, वळू, कुंपण, इंधन, औषधे, मीठ, घरखर्च आणि मुद्दल. गाईंची किंमत तर यात धरलेलीच नाही.

यावरून उघड होते की गुरांच्या उत्पन्नावर गुरांची जमीन विकत घेता येत नाही. ज्यास वडिलार्जित जमीन आहे तो त्यात थोडी भर घालू शकतो. ज्याने पैसा अन्यत्र मिळविला आहे तो पूर्ण रँच घेऊ शकतो. राहिला तो रँचवर वाढलेला, काम जाणणारा, पण भावंडांना वाटा देऊ न शकणारा तरुण. आईबापांच्या मागे चार भावंडांत जमीन वाटली तर चारही तुकडे निरुपयोगी. एकाने ठेविली तर तिघांचे देणे. चेरी कौंटीतील कित्येक रँच अशाच वाटणीच्या प्रसंगी विक्रीस येतात.

आपल्या राज्यात चित्र उलटे आहे. महाराष्ट्रात कोरडवाहू जमीन धारण करण्याची कमाल मर्यादा ५४ एकर आहे आणि जो शेतकरी नाही त्यास शेतजमीन घेण्यास कुळकायद्याची आडकाठी आहे. ५४ एकरांत चेरी कौंटीतील हिशेबाने तीन गाई बसतात! नेब्रास्कात अशी कमाल मर्यादा नाही. मात्र १९८२ मध्ये तेथील मतदारांनी राज्यघटनेत कलम घालून, कुटुंबाच्या नसलेल्या कंपन्यांस शेती व रँचची जमीन घेण्यास मनाई केली होती. संघराज्याच्या न्यायालयाने ते कलम २००६ मध्ये रद्द ठरविले. परदेशी धारकांवरील बंधने जुनीच आहेत. २०२४ मध्ये त्यासंबंधी नवा कायदा झाला.

आपल्याकडील गायरानांची स्थिती या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. तेथे मालक एक आणि कुरण अफाट; येथे कुरण लहान आणि चारणारे सर्व गाव. परंतु निम्मे गवत जागेवर ठेवण्याचा दंडक मोडला की दोन्हीकडे सारखेच घडते. फरक एवढाच की आपल्या मुरमाड माळावर ते हळूहळू घडते आणि वाळूच्या टेकडीवर लवकर दिसते.

तरुणाने आरंभ कसा करावा यास चेरी कौंटीत एक रुळलेली वाट आहे, आणि ती जमीन विकत घेण्यापासून सुरू होत नाही. तो प्रथम एखाद्या वयस्क रँचवाल्याकडे कामास राहतो. पगाराचा काही भाग म्हणून मालक त्याला आपल्या कुरणात स्वतःच्या डागाच्या काही गाई चारू देतो. त्या वाढतात. मग तो मालकाचा कळप वाट्याने सांभाळतो. वासरांतील ठराविक हिस्सा त्याचा. पुढे जमीन खंडाने घेतो. नवशिक्यास जमीन खंडाने देणाऱ्या मालकास आयकरात सवलत देणारा कायदा नेब्रास्काने १९९९ मध्ये केला, तो याच टप्प्यासाठी. मुले नसलेला किंवा मुले दूर गेलेला मालक शेवटी हप्त्यांनी विकावयास तयार होतो, कारण त्यालाही आपल्या टेकड्या कोणाच्या हाती जातात याची काळजी असते. केंद्र सरकारच्या शेती-सेवा खात्याचे ४० वर्षांपर्यंत मुदतीचे कर्ज अशा वेळी उपयोगी पडते. यात वीस-पंचवीस वर्षे सहज जातात.

अशा तरुणाच्या नावावर पहिला कागद होतो तो पुष्कळदा खरेदीखताचा नसून शाळेच्या सेक्शनच्या खंडाचा असतो : ६४० एकर, पस्तीस-सदतीस गाईंचे कुरण, एक पवनचक्की आणि चारी बाजूंचे चार मैल कुंपण. त्यापैकी दोन मैल त्याच्या उजव्या हाताला येतात.